लोगो दिला म्हणजे हक्कही गेले का?

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या फ्रीलान्सिंग कसं करायचं यावर लेख आला होता. पोर्टफोलिओ, क्लायंट शोधणं, रेट ठरवणं सगळं होतं पण कॉन्ट्रॅक्टबद्दल एक ओळ नाही, आणि आमची गोची तर तिथेच होते म्हणून हे पत्र.

मी सांगलीत राहून ९ वर्षं लोगो आणि पॅकेजिंगची कामं करते. कॉलेजात लेटरिंग शिकवलं, प्रेसला फाईल कशी द्यायची तेही शिकवलं, सही करताना काय बघायचं ते कोणी सांगितलं नाही. मागच्या वर्षी एका मसाल्याच्या कंपनीने ११ पानी इंग्रजी कॉन्ट्रॅक्ट पाठवलं, मी फक्त रक्कम बघितली आणि सही ठोकून मोकळी झाले. मग एकाच लोगोत २२ वेळा बदल करून दिले कारण आत ‘क्लायंटचं समाधान होईपर्यंत’ असं लिहिलेलं. पैसे ९० दिवसांनी. आणि काम म्हणे ‘वर्क फॉर हायर’ (म्हणजे पैसे देऊन करवून घेतलेलं, म्हणून पहिल्यापासून त्यांचंच), हक्क ‘संपूर्ण विश्वात, कायमचे’ कंपनीकडे. म्हणजे उद्या यांनी मंगळावर कांदा-लसूण मसाला विकायला काढला तरी मला विचारायची गरज नाही!

मावसभाऊ वकील आहे, त्याला दाखवलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, अगं हे कुणीतरी नेटवरून अमेरिकेतलं उचललंय, वर्क फॉर हायर हा तिकडच्या कायद्यातला शब्द. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात तुम्ही नोकरीत असाल तर कामाचा मालक कंपनी, पण फ्रीलान्सर असाल तर लोगोच्या पहिल्या मालक तुम्हीच, हक्क द्यायचे तर लेखी आणि तुमच्या सहीनेच. (पैसे घेऊन फोटो किंवा पोर्ट्रेट काढून दिलं तर मात्र उलटं, वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याचा. फोटोग्राफर मंडळींनी लक्षात ठेवा.) शिवाय हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात आणि कुठल्या भागापुरते ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. माझ्या कागदात मुदत, विश्व, सगळंच लिहिलेलं आणि खाली माझी सही, त्यामुळे तो लोगो गेला तो गेलाच.

पैशाचं मात्र जमलं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, कॉन्ट्रॅक्टमध्ये ९० लिहा नाहीतर १८०, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) लागतं, ते ऑनलाइन फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका, आणि काम घ्यायच्या आधीच करून ठेवा नाहीतर समोरचा त्यावरूनच वाद घालतो. माझं होतं म्हणून मेलमध्ये नुसता कायद्याचा उल्लेख केला तर आठवड्यात पैसे आले. व्याज मी मागितलंच नाही, चुकलंच माझं.

आता मी माझं स्वतःचं एकपानी कॉन्ट्रॅक्ट पाठवते, मराठीत. निम्मे पैसे आधी, बदल ३ वेळा त्यापुढे वेगळा चार्ज, काम मध्येच बंद केलं तर झालेल्या टप्प्याचे पैसे, ओपन फाईल (ज्यात डिझाईन बदलता येतं ती मूळ फाईल) हवी तर तिचा रेट वेगळा आणि हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच. एका क्लायंटने विचारलं, मराठीत चालतं का हो कॉन्ट्रॅक्ट? चालतं की, कायद्याने इंग्रजीच पाहिजे असं कुठे सांगितलंय! मेलवर कबूल केलं तरी करार होतो. व्हॉट्सॅपवरचं ‘ओके ताई, करा चालू’ पण पुरावा म्हणून दाखवता येतं हो, पण चालू काय करायचं आणि कितीला हेच त्यात नसतं ना, मग भांडण कशावरून करणार.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी फ्रीलान्सिंगवर लेख छापाल तेव्हा शेजारी अशा कॉन्ट्रॅक्टचा मराठी नमुनाही छापा, एखाद्या वकिलाकडून तपासून. माझा हवा असेल तर पाठवते, फक्त फॉन्ट बदलू नका.

आपली,
एक फ्रीलान्स डिझायनर, सांगली