उद्घाटनाचा फोटो छापलात, आता नोंदवही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै लागला की आपल्या जिल्हा पानावर दोन-तीन फोटो हमखास असतात. अमुक विद्यालयात विज्ञान मंडळाचे उद्घाटन, तमुक हायस्कूलमध्ये हरित सेना स्थापन, कुठे वाङ्मय मंडळ. नारळ, पाहुणे, मागे फ्लेक्स. दिवाळीपर्यंत त्या फ्लेक्सची गुंडाळी कपाटावर जाते आणि पुढच्या जुलैत साल तेवढे बदलून पुन्हा भिंतीवर येते. मंडळे का चालत नाहीत असे विचारले की ‘मुले मोबाइलमध्ये’ हे ठरलेले उत्तर मिळते. मोबाइल बिचारा उगाच बदनाम आहे. मंडळ बुडते ते वेळापत्रकात, आणि उरलेसुरले नोंदवहीत.

आधी वेळेचे पाहू. आपल्याकडे माध्यमिक शाळेत शेजारच्या खेड्यांतून येणारी मुले बरीच. शाळा पाचला सुटते, एसटी साडेपाचला निघते. सभा शाळा सुटल्यावर ठेवली की फक्त गावातली मुले थांबतात. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण बस चुकली तर पुढची सातला. एकदा अंधार पडल्यावर घरी पोचलेल्या मुलीला घरचे पुन्हा थांबू देत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकतही नाही. म्हणून मंडळाला शनिवारच्या सकाळच्या शाळेतल्या शेवटच्या दोन तासिका जोडून द्याव्यात. एकच तासिका दिली तर पस्तीस मिनिटे सामान काढण्यात आणि परत ठेवण्यातच जातात.

शनिवारही मोजकेच हाती लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचणीला नववीचा वर्ग अर्धा रिकामा होतो, डिसेंबरात गॅदरिंग, जानेवारीपासून दहावीच्या सराव परीक्षा. जून मध्य ते दिवाळी एवढाच खरा हंगाम. त्यातून पोळा, गणपती, चाचणी वजा केली की चौदा-पंधरा शनिवार उरतात. तेवढ्यात बसेल असे एकच काम निवडावे. सभासद वीस ते पंचवीस, पाच-पाचांचे गट. प्रमुख नववीचा, उपप्रमुख आठवीचा, म्हणजे पुढच्या वर्षी काम माहीत असलेले कोणीतरी शिल्लक राहते. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलालाच चारही मंडळांचा अध्यक्ष करण्याची जी रीत आहे, तिने चारही मंडळे बसतात.

काम कोणते? विज्ञान मंडळाला पर्जन्यमापकासारखे दुसरे नाही. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहेच, त्याचे प्रात्यक्षिक आयते होते. शीतपेयाची दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्यावी, कमरेत बारीक असलेली नको. खांद्याखाली आडवी कापावी, वरचा भाग बूच काढून उलटा आत बसवावा, झाले नरसाळे. कापलेल्या तोंडाचा व्यास पट्टीने मोजावा. तो 11 सेंटिमीटर भरला तर क्षेत्रफळ 95 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस बरोबर साडेनऊ मिलिलिटर पाणी. बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून वाचायच्या फंदात पडू नये. तळ खडबडीत असल्याने शून्य कुठे धरायचे यावर भांडणे होतात आणि दोन-तीन मिलिमीटरची सर नीट वाचताच येत नाही. पाणी प्रयोगशाळेतल्या 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात ओतावे आणि साडेनऊने भागावे. 57 मिलिलिटर भरले तर पाऊस 6 मिलिमीटर. भागाकार मुलांनीच करायचा, वहीच्या कडेला.

बाटली हलकी असते, वाऱ्याने लवंडते. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात ती रोवावी. भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवावा. पागोळ्यांखाली किंवा निंबाखाली ठेवलेल्या मापकाचा आकडा हा पावसाचा आकडा नव्हे. गच्चीवर वारा फार, तिथेही नको. उघड्या मैदानात शेळ्या आणि पाचवीची मुले या दोहोंपासून राखण लागते, तेव्हा चार काठ्या आणि जुनी जाळी.

नोंद रोज एकाच वेळी हवी. सोमवार ते शुक्रवार अकराला शाळा भरताना आणि शनिवारी अकराला शाळा सुटताना, असे घड्याळ आपोआप जुळते. रविवारी गावातलाच मुलगा-मुलगी नेमावी. नाहीच जमले तर सोमवारी ‘रवि + सोम’ असे एकत्र लिहावे, अंदाजाने दोन तुकडे करू नयेत. श्रावणात कानबाई (खानदेशातली घरोघर बसणारी देवी) बसते त्या रविवारी आणि विसर्जनाच्या सोमवारी कोणीच येणार नाही, हे आधीच धरून चालावे. वहीत रकाने पाच पुरतात : तारीख-वेळ, मिलिलिटर, मिलिमीटर, आभाळ कसे होते, कोणी मोजले. पाऊस नसेल त्या दिवशी 0 लिहायचे. रकाना रिकामा म्हणजे मोजलेच नाही. शून्य आणि रिकामा यांतला फरक मुलांना कळला की निम्मे विज्ञान तिथेच झाले.

आणि इथेच सर्वांत मोठी खोट आहे. रिकाम्या रकान्याबद्दल शिक्षक रागावले की पुढच्या आठवड्यापासून एकही रकाना रिकामा राहत नाही, कारण मुले आकडे मनाने भरतात. रागवायचे असेल तर खोडरबर वापरल्याबद्दल रागवावे. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, खाली सही.

या कामात घरच्यांना रस का वाटतो, तेही सांगायला हवे. महसूल मंडळात (काही गावे मिळून होणाऱ्या महसुली विभागात) 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्यांचे सगळे घोडे त्या आकड्यावर अडते. शाळेचा आकडा सरकारदरबारी चालत नाही. पण महसूल मंडळाचे 41 आणि आपल्या विज्ञान मंडळाचे 68 असे एकाच दिवशी आले, तर पाऊस शिवेशिवेला कसा वेगळा पडतो यावर पारावरही चर्चा होते. इन्स्पायर-मानक या शालेय विज्ञान-कल्पनांच्या पुरस्कारासाठी कल्पना पाठवायच्या वेळी थर्माकोलचा ज्वालामुखी शोधत फिरण्यापेक्षा अशा वहीत कितीतरी जास्त सापडते.

पाऊस नसलेल्या दिवसांसाठी सावलीची काठी. मीटरभर काठी ओळंब्याने उभी करून दुपारची सावली मोजायची. जळगाव, धुळे साधारण 21 अक्षांशावर, त्यामुळे शून्य सावली (सूर्य थेट डोक्यावर, काठीला सावलीच नाही) मेच्या शेवटच्या आठवड्यात येते तेव्हा सुट्टी असते आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येते तेव्हा आभाळ असते. नाइलाज आहे. पण 22 सप्टेंबरच्या आसपास सावली 38 सेंटिमीटर आणि 22 डिसेंबरला 98, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच भरते. चूक एकच होते, ती घड्याळातले बारा धरण्याची. आपल्याकडे सूर्य सर्वांत उंच येतो साडेबाराच्या सुमारास, तेव्हा सव्वाबारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी खूण करून सर्वांत आखूड सावली घ्यावी.

वाङ्मय मंडळाचे थोडक्यात. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. रोजचे सोडा, पंधरवड्याला एक भित्तिपत्रक निघाले तरी पुरे. एका कार्डशीटवर ए-फोरची चारच पाने बसतात, वर नावाला चार बोटे जागा. मजकूर बॉलपेनने लिहावा, स्केचपेन पावसाळी हवेत फुटते आणि उन्हात उडते. नेटवरून उतरवलेले सुविचार घ्यायचे नाहीत. एक सदर अहिराणीला ठेवावे, आंडोर, आंडेर, बठ्ठा असे दहा-दहा शब्द अर्थासह. धडगाव-अक्कलकुव्याकडे तेच भिली-पावरीत.

हरित सेनेला एवढेच सांगणे, की पन्नास रोपे लावून मे महिन्यात पन्नास काड्या मोजण्यापेक्षा पाच लावावीत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार त्या तीन घरांची नावे खड्डा खणण्याआधी लिहून घ्यावीत.

आपल्याला एक विनंती आहे. येत्या फेब्रुवारीत तालुक्याच्या वार्ताहराला जुलैत फोटो छापलेल्या शाळांकडे पाठवा आणि नोंदवहीतले ऑगस्टचे पान मागा. त्यावर खाडाखोड असेल, तीन-चार अक्षरे वेगवेगळी दिसतील, एखाद-दुसरा रकाना रिकामा असेल, तर त्या पानाचाच फोटो छापा. सगळे रकाने एकाच पेनने, एकाच अक्षरात भरलेले दिसले, तर शाई कधीची आहे ते विचारा.

आपले,
माध्यमिक शाळांतील मंडळांचे काम पाहणारे काही शिक्षक,
जि. जळगाव