वाचा गेली तरी गाणं राहतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगीत ही साऱ्या जगाची भाषा आहे आणि ती थेट हृदयाशी बोलते, असं आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचलं. लेख मनापासून आवडला. मात्र मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांमध्ये माझा दिवस जातो, आणि भाषा संपते तिथेही गाणं शिल्लक असतं हे मी रोज बघते. म्हणून हे पत्र.

सध्या माझ्याकडे येणाऱ्या एक बाई निवृत्त शिक्षिका आहेत. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण स्वतःचं नाव सांगायला गेल्या की मान ताठ होते, ओठ जुळतात आणि 'त... त...' एवढंच बाहेर पडतं. मग डोळे भरून येतात. एकदा मी त्यांच्या लहानपणचं एक गाणं गुणगुणायला घेतलं. दुसऱ्या ओळीपासून त्या गाऊ लागल्या, शब्दांसकट, जोडाक्षरंही स्वच्छ. मुलगा खुर्चीवरून उठलाच. गाणं थांबलं आणि पुन्हा 'त... त...'.

अशी नोंद फार जुनी आहे. बोलताना फक्त 'हो' म्हणू शकणारा एक रुग्ण प्रार्थनागीतं मात्र म्हणायचा, असं स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी १७४५ साली लिहून ठेवलं. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची मुख्य केंद्रं डाव्या बाजूला असतात; गाताना उजवी बाजूही मोठा भार उचलते. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांचं उदाहरण मला कायम धीर देतं. १९५९च्या झटक्यानंतर त्यांना बोलणं आणि दुसऱ्याचं बोलणं समजणं, दोन्ही जड झालं. तरी १९६२ साली त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली.

१९७३ साली अमेरिकेत यावरून एक उपचारपद्धती मांडली गेली. 'पाणी हवं' असं छोटं वाक्य दोनच सुरांत, वर-खाली, संथ म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर हलकी थाप द्यायची. आधी दोघांनी मिळून, मग माझा आवाज हळूहळू कमी, शेवटी रुग्ण एकटा. पुढे सूरही काढून घ्यायचा, म्हणजे उरतं ते बोलणं. सगळ्यांना याचा सारखा उपयोग होत नाही, आणि शिकवलेल्या वाक्यांपलीकडे मोकळं बोलणं येईलच अशी खात्री मी कुणाला देत नाही. पण त्या बाई आता 'पाणी हवं' म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मुलाने पाणी आणायचं सोडून त्यांचा हात धरला.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली, असं धरून रुग्णासमोरच त्याच्याबद्दल बोलू नका. 'हे काय आहे? सांग बघू' अशी परीक्षा पाहुण्यांसमोर तर मुळीच घेऊ नका. त्यापेक्षा शेजारी बसून त्याच्या आवडीचं गाणं त्याच्यासोबत, सावकाश म्हणा. तुमचा गळा कसा आहे याची काळजी करू नका. आणि वाचोपचार लवकर सुरू करा. आधी अंगात ताकद येऊ दे, मग बोलण्याचं बघू, असं म्हणत बरेच जण मोलाचे महिने घालवतात.

आपल्या आरोग्याच्या पानावर वाचाघाताविषयी सविस्तर लेख द्यावा. तज्ज्ञांशी बोलण्यासाठी लागेल ती मदत मी करीन.

आपली,
एक स्पीच थेरपिस्ट