ऑर्डर हातात घेण्याआधी

१७ ऑगस्ट २०२५

प्रिय चिऊ,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज परवा डिसेक्शन हॉलला कुलूप लावताना वाचला. "आमच्या हॉस्पिटलचं मेडिकल कॉलेज झालं, मला मेडिसिनला सहयोगी प्राध्यापक म्हणून विचारतायत, घेऊ का?" याचं उत्तर फोनवर टाइप करणं जमेना, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी मनातलं बोलून टाकते. वाचल्यावर पहिल्यांदा मला दुखलं. मी इथवर कशी आले ते तू पाहिलंयस. एमडी झाल्यावर पहिली नेमणूक तदर्थ, १२० दिवसांची. दिवस भरले की ब्रेक, पुन्हा अर्ज, पुन्हा ऑर्डर, आणि तोवर पगार अडकलेला. धाकटीच्या वेळी बाळंतपणाची रजा मागायला गेले, तर "तुमची ऑर्डरच पुढच्या महिन्यात संपतेय" म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी जिन्यात बसून रडले होते, तुलाच फोन केला होता. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीतून कायम झाले तेव्हा आई म्हणाली, "आता लागली बाई तुला नोकरी." त्यानंतर चार वर्षं सहायक प्राध्यापक, दोन शोधनिबंध, बीसीबीआर म्हणजे संशोधनपद्धतीचा बेसिक कोर्स, शिवाय वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स. सगळी पात्रता हातात आली, तर विभागात सहयोगीचं पदच रिकामं नाही. मी अजून थांबलेच आहे, आणि तुला ते घरी चालत आलंय. दुखलं, तुझ्यापासून काय लपवू.

पण रात्री तुझा वॉर्ड आठवला. मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा फवारणीचं औषध प्यायलेला एक शेतकरी आला होता. नवीन मेडिकल ऑफिसर उतारा म्हणून ॲट्रोपिन देत सारखा डोळ्यांत टॉर्च मारत होता. तू त्याचा हात धरून स्टेथोस्कोप पेशंटच्या छातीवर ठेवलास आणि म्हणालीस, "बाहुल्या नको बघूस, छाती ऐक. घरघर थांबली का सांग." तो मुलगा ते जन्मात विसरणार नाही. चिऊ, हेच शिकवणं, आणि तू ते विनापदाचं कितीतरी वर्षं करत आलीस. तुझ्यासारखीसाठी हा नियम व्हायलाच हवा होता, असं मी आता मनापासून म्हणते.

नियम नीट समजून घे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, म्हणजे एनएमसीच्या, २०२५च्या नियमांप्रमाणे २२०हून जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयाला शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळू शकतो. तिथे विशेषज्ञ म्हणून १० वर्षं झालेल्यांना सहयोगी प्राध्यापक आणि २ वर्षं झालेल्यांना सिनियर रेसिडेन्सीशिवाय, म्हणजे एमडीनंतरच्या निवासी डॉक्टरकीशिवाय, सहायक प्राध्यापक होता येतं. या सहायकांनी दोन वर्षांत बीसीबीआर पूर्ण करायचा असतो. तू सहयोगी झालीस तरी तो लगेच करून टाक. चेन्नईच्या संस्थेची व्याख्यानं ऑनलाइन ऐकता येतात, परीक्षेला मात्र केंद्रावर जावं लागतं. एक जून महिना गेला माझा त्यात, पण नमुना किती घ्यायचा हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

ही घाई कशामुळे तेही तुला दिसतंच आहे. २०२४च्या ऑक्टोबरात आपल्या राज्यात एकदम १० सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यात गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना. इमारत दोन वर्षांत उभी राहील. शिक्षक व्हायला साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमडी, एक रेसिडेन्सी. मग काय होतं? जुन्या कॉलेजातली माणसं प्रतिनियुक्तीवर नव्याकडे, आणि मागे राहिलेल्यांनी दोघांचे तास घ्यायचे. आमच्याकडे गेल्या सत्रात डिसेक्शनच्या एका टेबलाभोवती इतकी मुलं होती, की मागच्यांना पुढच्यांची पाठच दिसायची. मला याचा फार त्रास होतो. त्या मुलांना हाताची रचना पुन्हा कोण शिकवणार?

म्हणून तुला सांगते, ऑर्डर घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचार: हे पद आहे की नुसतं पदनाम? नुसतं पदनाम असेल, तर ओपीडी, शवविच्छेदनाच्या ड्युट्या, व्हीआयपी दौरे सगळं तसंच राहील आणि वर क्लिनिक, म्हणजे पेशंटजवळचा वर्ग, घ्यायचं. सेवाज्येष्ठता कुठल्या दिवसापासून धरणार, खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलच्या व्यवसायरोध भत्त्याचं काय, हेही विचार. आणि शिकवायचे तास वेळापत्रकात लिहून घे. १ मेपासून हजेरी ॲपवर चेहरा दाखवून, जीपीएससह लागते, पण माणूस वर्गात आहे की खुर्चीत, हे ॲपला कळत नाही. ज्या वॉर्डात तू शिकवत नाहीस त्याच्या डिक्लेरेशन फॉर्मवर, म्हणजे 'मी इथे शिकवते' या लेखी कबुलीवर, सही करू नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी.

शोधनिबंधांची धास्ती घेऊ नकोस. प्राध्यापक व्हायला सहयोगी म्हणून ३ वर्षं आणि एकूण ४ निबंध लागतात. पैसे भरा, महिन्यात छापतो, असे मेल येतील, उघडूसुद्धा नकोस. माझा पहिला निबंध मांडीच्या हाडांतल्या पोषक छिद्रांवर, म्हणजे रक्तवाहिनी आत शिरते त्या भोकांवर, होता. रोज संध्याकाळी व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसायचे, मोठी तिथेच कोपऱ्यात गृहपाठ करायची. आमच्या ऑर्थोच्या सरांनी तो वाचून हाडाच्या ग्राफ्टबद्दल एक प्रश्न विचारला, तेव्हा त्या संध्याकाळी सार्थकी लागल्यासारखं वाटलं. तुझ्याकडे तर विषबाधा आणि सर्पदंशाची दहा वर्षांची रजिस्टरं आहेत! एथिक्स कमिटीची परवानगी काढ, मग बघू. आकडे मी लावून देईन.

तर घे म्हणते मी. तुमची पहिली बॅच आता वॉर्डात येईल. त्यांचं पहिलं पोस्टिंग तुझ्याकडे असावं असं मला फार वाटतं, कारण त्यातल्या कुणाला डोळ्यांत टॉर्च मारायचीच सवय लागलेली असेल.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येते. ऑर्डरचा मसुदा मिळाला असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेव, आणि रजिस्टरं माळ्यावरून खाली उतरवून ठेव. काकूंना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझीच,
रूम नंबर १७ची पार्टनर