भांडणाची शिक्षा म्हणून भेट तोडू नका

मा. कारागृहमंत्री यांस,
सादर नमस्कार.

महिला बराकीत भांडण झालं की नोंदवहीत ठरलेली ओळ पडते: 'किरकोळ कारणावरून वाद.' कारण किरकोळच असतं. बादली आधी कोणाची, साबण कोणी संपवला, झोपेत कोणाचा पाय कोणाच्या अंथरुणावर गेला. मात्र त्याच सकाळी एकीचा घरी फोन लागला नव्हता, हे कुणी लिहीत नाही.

नवरा आत गेला तर बायको भेटीला जाते. बायको आत गेली की मुलं आजीकडे, मावशीकडे जातात आणि भेटीला येणारं माणूस हळूहळू दिसेनासं होतं. त्यातून जगभरच्या कैद्यांत बायका जेमतेम सात टक्के. म्हणून त्यांचे तुरुंग मोजके, आणि बहुतेकींच्या घरापासून लांब.

मग नाती आतच जुळतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या महिला तुरुंगांत समाजशास्त्रज्ञांना कैदी बायकांनी मानलेली अख्खी कुटुंबं आढळली: आई, मुलगी, बहिणी. मी शिवणाच्या वर्गात हेच बघते. उगाच गोड चित्र रंगवत नाही; मानलेली आईही उधारी वसूल करते, रुसते, चुगली करते. जिच्या खांद्यावर रडायचं तिच्याशीच भांडायचं, कारण दुसरं आहे कोण?

यावर प्रशासनाचा उपाय काय? एकीची बराक बदला, दोघींच्या मुलाखती, म्हणजे घरच्यांच्या भेटी, बंद करा. म्हणजे आतलंही माणूस गेलं आणि बाहेरचंही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांतला २३वा नियम सांगतो की, शिस्तभंगाची शिक्षा म्हणून महिला कैद्यांचा कुटुंबाशी, विशेषतः मुलांशी, संपर्क तोडू नये. हे नियम बंधनकारक नाहीत, असं आपले अधिकारी लगेच सांगतील. नसू देत. आपण एक परिपत्रक काढलंत तर आपल्या तुरुंगांपुरते होतील.

आणखी एक. तक्रार ऐकायला बराकीच्या साखळीबाहेरची समुपदेशक हवी. पहाऱ्यावरच्या बाईंना सांगितलं की सांगणारी 'खबरी' ठरते, आणि पुढचं भांडण तिथूनच पेटतं.

पुढच्या पाहणीला जाल तेव्हा शिक्षांची वही मागवा. 'मुलाखत बंद' हा शेरा ज्यांच्यापुढे आहे, त्यांतल्या किती जणींची नावं पुढच्या महिन्याच्या भांडणांत पुन्हा आली आहेत, तेवढं स्वतः मोजा.

आपली,
तुरुंगात शिवणाचा वर्ग घेणारी एक स्वयंसेविका