आशाताई, तुम्ही तो आकडा मोठ्यानं वाचला नाही

ताई,

परवा माझ्या लेकीचा पहिला वाढदिवस झाला. तुम्ही आलात, लेकराला ओवाळलं आणि चहासुद्धा न घेता निघालात, कारण पोडावर, पलीकडच्या आदिवासी वस्तीत, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. मला तुमच्याशी बोलायचं होतं ते राहूनच गेलं. समोर बसून बोलले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहिते. आणि चारजणांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी तुम्ही अजून आशा झाला नव्हता. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा माझं वजन ५४ किलो होतं. दिवस गेले आणि घरात एकच धोशा सुरू झाला, दोन जिवांची आहेस, दोघांचं खा. निंदणाला जाऊ नको, पाणी भरू नको, पडून राहा. सासूबाईंची त्यात माया होती, त्यांना मी बोल लावत नाही. पण वजनाच्या दिवशी काटा व्हरांड्यात मांडलेला असायचा, बायकांची रांग असायची, आणि लिहून घेणारी बाई आकडा असा ओरडून सांगायची की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावा. पाचव्या महिन्यात माझा आकडा ऐकून मागून कुणीतरी म्हणालं, "बाप्पा, पोतं भरलं पोतं!" सगळ्या हसल्या. लिहिणारीही हसली. त्यानंतर वजनाचा दिवस आला की मी माहेरी निघून जायचे. एकदाही कुणी विचारायला आलं नाही की ही बाई का येत नाही. नऊ महिन्यांत २१ किलो वाढले, बाळ मोठं झालं, सिझर झालं.

पुढे वजन उतरेना म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता माझ्या नवऱ्याला सांगितलं, "यांना खाणं कमी करायला सांगा." झालं, एवढंच. काय कमी करू, अंगावर लेकरू पीत असताना किती कमी करू, काही नाही. मी चहा-टोस्टवर दिवस काढले आणि एक दिवस विहिरीजवळ चक्कर येऊन पडले. त्या कोरड्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी ६६ किलोची होते आणि काट्याच्या नावानं पोटात गोळा यायचा. तुम्ही दोनदा घरी बोलावायला आलात, दोनदा मी डोकं दुखतं म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा तुम्ही काही विचारलं नाही. मला अंगणवाडीच्या मागच्या खोलीत नेलं. काटा तुम्ही आधीच तिथं नेऊन ठेवला होता, तांदळाच्या पोत्यांच्या आड. दार लोटलंत. मी काट्यावर चढले, डोळे मिटून. तुम्ही वाकून पाहिलं आणि काहीच बोलला नाहीत. मग रजिस्टर माझ्यापुढं केलंत, सुतळीनं बांधलेला तो निळा पेन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तुयं वजन हाये, तूच लिही."

ताई, मी बारावी शिकलेली बाई, पण त्या चौकोनात दोन आकडे लिहिताना माझा हात थरथरत होता. तोपर्यंत माझं वजन गावाचं होतं. त्या दिवशी ते माझं झालं. पुढचे सगळे महिने मी स्वतःहून आले, एकही चुकवला नाही.

त्याच दिवशी तुम्ही माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. जाड बाईच्या अंगात रक्त भरपूर असतं, असंच सगळे धरून चालतात. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९, गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. अंगानं भरलेली आणि रक्तानं रिकामी, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला तुमच्याकडून कळलं. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, जेवणात लिंबू पिळायचं, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलं की माझ्या नवऱ्यालाही पाठ झालं.

आणि खाणं. तुम्ही कमी खा म्हणाला नाहीत. दोघांचं खा म्हणजे दुप्पट खा नव्हे, म्हणालात. रोजच्या जेवणावर एक भाकर, वाटीभर वरण आणि कपभर दूध, एवढ्यात पोटातल्या जिवाचं भागतं. आमच्याच घरची ज्वारी, तूर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. बाहेरून काही आणायला लावलं नाही, बंद केलं ते बिस्किटं, फरसाण आणि दिवसाचे पाच गोड चहा. डॉक्टर मॅडमना विचारून आलात की माझ्यासारखीनं सात ते अकरा किलोच वाढावं, आणि रोज संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालायला लावलंत. मधे ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासलेली साखर १५२ निघाली तेव्हा मी घाबरले. १४० च्या पुढे गेली म्हणजे जपायचं, रडायचं नाही, म्हणालात, आणि त्या आठवड्यात तीनदा आलात. शेवटी आठ किलो वाढले. लेक ३.१ किलोची झाली.

शेजारची पोरगी त्याच वेळी गरोदर होती, जेमतेम ३८ किलोची. तिला तुम्ही नेमकं उलटं सांगत होतात, अजून खा, दुपारी अर्धा तास पड. तिच्या सासूनं तुम्हाला विचारलं होतं, एकीला एक अन् दुसरीला दुसरं काहून सांगता? तुम्ही म्हणालात, "दोघींची कुडी एक हाये का, माय?"

बाळंतपणानंतर पुन्हा डिंकाच्या लाडवांचा डबा भरला तेव्हा मला वाटलं, आता सासूबाईंशी वाद होणार. तुम्ही डबा उघडलात, एक लाडू खाल्लात, "जमला बरं" म्हणालात आणि मग हळूच सांगितलंत, सकाळी एकच द्या, दुधासाठी तिला वरण-भाकर अन् भाजी भरपूर वाढा, उपाशी ठेवू नका. माझ्या सासूचा मान राहिला आणि माझंही भलं झालं. दीड महिन्यानं साखर पुन्हा तपासायला तुम्हीच नेलंत. ती उतरली होती, तरी दर वर्षी तपासायची हे बजावलंत. आज मी ६२ वर आहे. घाई केली नाही, एक दिवसही उपाशी राहिले नाही.

बाळंतपणानंतर तुम्ही घरी येऊन बाळ तपासायचात, ती रीत आपल्याच गडचिरोलीच्या खेड्यांतून निघाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ती उभी केली आणि पुढे ती देशभर गेली. मला याचा फार अभिमान वाटतो. पण कोणत्या दिवशी घरी जायचं ते फॉर्मवर छापता येतं, काटा पोत्यांच्या आड न्यायचं कुणी छापत नाही. ते तुमच्या मनात आलं. चांगली माणसं अशीच असतात ताई, दुसऱ्याला कशाची लाज वाटते ते त्यांना न सांगता कळतं. आणि अशा बाईला मोबदल्याच्या चार पैशांसाठी मोर्चात बसावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एक काम आहे. माझ्या जावेला चौथा महिना लागलाय. नऊ तारखेच्या तपासणीआधी तिला तुमच्याकडं घेऊन येते. ती माझ्यापेक्षाही लाजरी आहे, म्हणून काटा मागच्या खोलीतच राहू द्या. मी दाराबाहेर थांबेन.

तुमची,
शाळेमागच्या घरची सून