बावीचे पाणी चाखून पाहणाऱ्या मेस्त्रीकाकांस

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपण देवबागला आमच्या खळ्यात बसून बाबांच्या होडीच्या मागे लावायचे आउटबोर्ड इंजिन खोललेत, दुरुस्त केलेत आणि संध्याकाळी चहा घेऊन स्कूटरवरून निघून गेलात. निघताना मी आपले आभार मानले, पण ते तोंडातल्या तोंडात राहिले. आज हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण त्याआधीचा महिनाभर बाबांना जो बोल लागला तोही चारचौघांतच लागला होता.

झाले ते आपल्याला ठाऊक आहे, तरी इतरांसाठी थोडक्यात सांगतो. चैत्रातल्या एका पहाटे निवतीच्या समोर जाळी ओढून परतताना इंजिन थंड ठेवून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होत गेली, मग थेंब थेंब झाली, आणि इंजिन तापून बंद पडले. दुसऱ्या होडीने दोरी लावून आम्हांला ओढत आणले. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे वैशाखातला एकेक दिवस आमच्या घरात मोजून घेतला जातो. असे असताना मी इंजिन घेऊन तीन ठिकाणी फिरलो. एकाने झाकणही न काढता नवीन घ्या म्हणून सांगितले. दुसऱ्याने गंजून बसलेला बोल्ट जोर लावून पिळला आणि तो आतच तुटला. तिसरा तर तोच होता, ज्याने मागल्या वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन नव्यासारखे दिसावे म्हणून खालपासून वरपर्यंत रंग मारून दिला होता. तिघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते : आत मीठ साचले आहे, म्हणजे म्हातारा इंजिन धूत नव्हता.

काका, माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपूर्वी हे इंजिन घरात आले, त्या दिवसापासून समुद्रावरून परतले की मासळी उतरवून झाल्यावर ते आधी इंजिन निळ्या पिंपात उभे करीत, बावीचे, म्हणजे विहिरीचे, पाणी काढून पिंप भरीत आणि दहा मिनिटे ते चालवून धार स्वच्छ येते का ते पाहत. घरात ताईचे लग्न होते त्या दिवशीही त्यांनी हे चुकवले नाही. हे मी लहानपणापासून नाही, तरी नऊ वर्षे रोज पाहिले आहे. आणि तरीही, तीन जाणत्या माणसांनी तेच सांगितल्यावर, एका रात्री जेवताना मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही खरेच रोज धुता ना?" त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी धक्क्याकडे जाईनासे झाले.

आपण आलात तेव्हा मला वाटले होते की आपण लगेच पाना हातात घ्याल. आपण आधी इंजिनभोवती एक फेरी मारलीत आणि मग ओटीवर बसलेल्या बाबांना विचारलेत, "कोण धुता ह्या?" बाबा म्हणाले, "मीच." "कशान?" बाबांनी बावीकडे बोट दाखवले. आपण उठलात, कप्पीवरून स्वतः कळशी सोडलीत, पाणी वर काढलेत आणि ओंजळभर तोंडात घेतलेत. ते क्षणभर तोंडात धरून माडाच्या मुळाशी थुंकलात. पुन्हा एकदा घेतलेत. मग बाबांच्या जवळ जाऊन बसलात आणि म्हणालात, "तुमी रोज धुतलास, ह्या माका दिसता. पण पाणीच मचूळ आसा."

त्या दिवसातले बाकीचे सारे काम मी कदाचित विसरेन. दोन ओंजळी पाणी मात्र विसरणार नाही.

बाबांनी उठून पाणी चाखले, मी चाखले, आईने चाखले. खरोखरच मचूळ होते. नळयोजना आल्यापासून आमच्या घरात बावीचे पाणी कोणी प्यायलेले नाही. ते भांड्यांना, झाडांना आणि इंजिनला. माझ्या आजीने ह्याच बावीच्या पाण्यावर घर चालवले, त्यामुळे ते गोडेच असणार हे आम्ही धरून चाललो होतो. १६६४ साली बांधायला घेतलेल्या आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूबाजूंनी समुद्र असून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आजही गोड्या पाण्याच्या आहेत, मग आपली बाव कशी बिघडेल, असे बाबा म्हणाले. त्यावर आपण वाळूवर काडीने रेघा ओढून त्यांना समजावलेत, की देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशी वाळूची चिंचोळी पट्टी आहे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि आजूबाजूच्या पंपांनी ते उपसले गेले की उन्हाळ्यात खालचे खारे पाणी वर चढते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बावीत तेवढे नव्हते, पण तापलेल्या इंजिनच्या बारीक वाटांत रोज थोडे थोडे वाळत जायला जे होते ते पुरेसे होते. इंजिन तापले की थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट त्या थरातच अडकून बसला होता.

रंगाचा उलगडाही आपणच केलात. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वर बसवलेला जस्ताचा ठोकळा आपण चाकूने खरवडलात, आणि रंगाखालून तो जसाच्या तसा, कोरा निघाला. वर्षभर खाऱ्या पाण्यात राहून तो गुंजभरही झिजला नव्हता. त्याच्या शेजारच्या ॲल्युमिनियमला मात्र खड्डे पडले होते आणि स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले की त्यांच्यात सेलसारखा प्रवाह वाहतो आणि दुबळा धातू खाल्ला जातो. जस्त तिथे बसवतात ते ॲल्युमिनियमऐवजी त्याने झिजावे म्हणूनच. आणि रंगाने झाकल्यावर पाणी त्याला लागतच नाही. हे सांगताना ज्याने रंग मारला त्याच्याविषयी आपण वाईट शब्द काढला नाहीत. माझ्याने मात्र राहवत नाही. ज्याने तो ठोकळा रंगवला, त्यानेच वर्षभराने बाबांना निष्काळजी ठरवले, आणि त्याचे पैसेही घेतले.

तुटलेला बोल्ट आपण कसा काढलात ह्याचे वर्णन मी करीत नाही; एवढेच सांगतो की आदल्या माणसाने जिथे दोन मिनिटांत जोर लावला, तिथे आपण तेल सोडून, शेकून, हलके ठोकून अर्धा दिवस दिलात, आणि तेवढ्या वेळात बाबांना समोर बसवून प्रत्येक भाग त्यांच्या हातात देत गेलात. इम्पेलर (पाणी ओढणारी चक्री), थर्मोस्टॅट आणि नवे जस्त ह्यांचे पैसे तेवढे घेतलेत. मजुरीचे विचारले तर बंदी उठल्यावर बांगडे पाठवा म्हणालात. ते येतील, काका. पहिल्या जाळ्यातले येतील.

किनाऱ्यावर हुन्नर असलेली माणसे कमी नाहीत. पण समोरच्या म्हाताऱ्याचे म्हणणे खरे असू शकेल असे धरून चालणारा, आणि ते पडताळण्यासाठी त्याच्या घरचे पाणी स्वतःच्या तोंडात घेणारा माणूस मला ह्या साऱ्या धावपळीत एकच भेटला. ज्यांना आम्ही पैसे दिले त्यांच्यापैकी एकानेही बाबांना साधा प्रश्न विचारला नव्हता. त्यांच्याशी बोलायचे ते माझ्याशी बोलत, आणि बाबा शेजारी उभे असत. खरे सांगायचे तर मीही तेच केले होते. आपण बाबांना जे परत दिलेत ते देणे माझे होते, आणि ते मला जमले नाही, हे मी इथे कबूल करतो. त्या रात्री मी बाबांची क्षमा मागितली. "बावीन फसवल्यान," एवढेच ते म्हणाले आणि दुसरा विषय काढला.

आता नळाच्या पाण्याचे दोन कॅन इंजिनसाठी वेगळे ठेवले आहेत. पावसाळ्यानंतर बाव पुन्हा गोडी होईल, शिमग्यानंतर तिच्यावर विश्वास ठेवू नका, हे आपले सांगणे बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. ते पुन्हा धक्क्यावर जातात आणि शेजारच्या पोरांना जस्ताला रंग लावू नका म्हणून बजावतात. काल परतल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पिंप मांडले, कॅन उघडला, पाणी ओतण्याआधी दोन बोटे बुडवून जिभेला लावली, आणि मग मला हाक मारून म्हणाले, "तूय चाखून बघ."

आपला ऋणी,
देवबागचा एक होडीवाला