ग्रँड कॅन्यन मुक्काम : विजेबद्दल सूचना

मंडळी, येत्या शुक्रवारी अंधार पडायच्या आत आपल्या सगळ्या आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या गाड्या) साउथ रिमच्या, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावरच्या, ट्रेलर व्हिलेज या कॅम्पमध्ये लागायला हव्यात.

गाडीसाठी तिथल्या खांबावर असलेल्या ३० अँपिअरच्या वीजजोडणीवर १२० व्होल्टने फार तर ३६०० वॅट मिळतात. एसी नि मायक्रोवेव्ह प्रत्येकी साधारण दीड हजार खातात. त्यात कुणी चहाची किटली लावली की ब्रेकर पडलाच! म्हणून :

- जड उपकरणं एका वेळी दोनच. इंडक्शन लावण्याआधी एसी बंद.
- गीझर आणि फ्रिज गॅसवर चालत असतील तर गॅसवरच ठेवा.
- ५० अँपिअरची गाडी अडॅप्टर लावून ३०वर जोडली, तर मिळणार ३०च. यावर वाद नको.
- प्लग लावताना-काढताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा. प्लग हाताला गरम लागला किंवा त्याची पितळी पाती काळवंडलेली दिसली, तर लोड ताबडतोब कमी करा.
- भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर थेट लावू नका. चटणी घरूनच वाटून आणलेली बरी.

ब्रेकर पडलाच तर आधी उपकरणं बंद करा, मगच तो वर करा. पुन्हा पडला तर रेटू नका, कॅम्पच्या ऑफिसात कळवा.

कुणाच्या गाडीला किती अँपिअर लागतात, ते बुधवारपर्यंत ग्रुपवर टाका.